खाचरातली हॉकी

टेंपो पळसदरीच्या थांब्यावर आला तेव्हा किरणची आई सोनाली ठेवणीतली साडी नेसून रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला पाहताच टेंपोत बसलेल्या, मुलींना हॉकी शिकवणाऱ्या गुप्तेबाईंनी नजर वळवली. चार वर्षांत ही बाई एकदाही मॅच बघायला आली नव्हती. कुंभिवलीच्या एका कंपनीत ती आठ तास पॅकिंगला उभी असते, आणि एक खाडा झाला की सुपरवायझर पुढचे दोन दिवस वाकडं बोलतो, हे बाईंना ठाऊक होतं. आज तिनं खाडा केला होता.

शेजारी किरण होती. खांद्याला स्टिकची पिशवी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. टेंपो तिच्या बापाचाच. संतोष सकाळीच कर्जतला जाऊन बाकीच्या मुलींना आणि बाईंना घेऊन आला होता. त्यानं बायकोला पुढं केबिनमध्ये बसायची खूण केली, पण सोनाली मागंच चढली आणि मुलींच्या गुडघ्यांमधून वाट काढत थेट बाईंच्या शेजारी येऊन टेकली.

"आजच कळंल ना, बाई?" तिनं विचारलं.

आजच कळणार होतं. खालापूरच्या पुढं, महामार्गाला लागून, डिसेंबरात हॉकीचं नवं मैदान सुरू झालं होतं. आज तिथं दोन मॅच होत्या, दुसरी कर्जतच्या शाळेची मोहोपाड्याच्या शाळेशी, आणि त्या बघायला पुण्याहून निवड समिती यायची होती. समिती तीन मुली निवडणार आणि त्यांना क्रीडा वसतिगृहात नेणार. राहणं, जेवण, कॉलेज, खेळ, सगळं तिथंच.

किरण बारावीला होती. दिवाळीत सोनालीनं बाईंना घरी बोलावून, चहाचा कप हातात दिल्यावर स्पष्ट सांगून टाकलं होतं की जूनमध्ये पोरीला अठरा पूर्ण होतात आणि कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. वसतिगृहात निवड झाली तर खुशाल जाऊ दे. नाही झाली तर जूनपासून ती आईच्या शेजारी पॅकिंगला उभी राहील. आपली दोन्हीला तयारी आहे, पण पोरीला मध्येच लोंबकळत ठेवणार नाही. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "होईल निवड. मी सांगते ना." तेहतीस वर्षं पालकांशी बोलून बोलून हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं होतं. सोनालीनं मात्र ते जपून ठेवलं होतं, हे आज त्या साडीकडे बघून कळत होतं.

टेंपो खोपोलीच्या रस्त्याला लागला. सोनाली बारीकसारीक विचारत राहिली. तिथं मुलींना खाट असते की खाली झोपतात? गरम पाणी मिळतं का? किरणला डाळ नुसती चालत नाही, लोणचं न्यायला देतात का? बाई उत्तरं देत होत्या. खाट असते. लोणचं चालतं. प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा आवाज बारीक होत गेला.

प्रमोदिनी गुप्ते लग्न होऊन कर्जतला आल्या त्याच वर्षी शाळेत लागल्या. नेमणूक मराठीची होती. पण खेळाचा तास घ्यायला कुणी नव्हतं आणि या बाई कॉलेजात दोन वर्षं हॉकी खेळलेल्या, म्हणून शिट्टी त्यांच्या गळ्यात पडली. सासूबाईंना ती शिट्टी कधी आवडली नाही. मंगळसूत्राच्या जोडीनं ती काय अडकवायची, असं त्या जेवताना भाजी वाढता वाढता म्हणत, आणि प्रमोदिनी ताटाकडे बघत म्हणे, की तासानंतर काढून ठेवायची विसरते. प्रत्यक्षात ती विसरत नसे.

पुढं शाळेच्या मैदानावर नवी इमारत उभी राहिली. खेळ म्हणजे मग व्हरांड्यातल्या दोरीच्या उड्या उरल्या. बाई पळसदरीला आबाजींकडे गेल्या. आबाजी म्हणजे संतोषचे वडील, किरणचे आजोबा. त्यांचं रस्त्याच्या खाली मोठं भातखाचर होतं. कापणी झाली की पुढल्या नांगरटीपर्यंत ते मोकळंच पडलेलं असे. बाईंनी ते मागितलं. आबाजींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले की खेळू द्या पोरींना, बांध तेवढे फोडू नका. त्याला आता वीस वर्षं झाली होती.

खाचरात भाताची धसकटं असतात, बोटभर उंच, वाळून टणक झालेली. गुरांचे खूर उमटून वाळलेले असतात. भेगा असतात. तिथं मारलेला चेंडू सरळ येईल तर शपथ. तो निघतो एकीकडे, धसकटावर उडतो, खुराच्या खड्ड्यात बसकण मारतो, मध्येच नडगीवर येतो. कॉलेजातली हॉकी तिथं चालेना, तेव्हा बाईंनी खाचराची हॉकी तयार केली. चेंडू येताना दिसला की अंगावर धावून जायचं नाही. स्टिक उभी धरायची, आपण ताठ राहायचं, तो कुठं उडी मारतोय ते एक क्षण बघायचं आणि मग मारायचं. थांब, बघ, मार. मारतानाही जमिनीवरून नाही, थोडा उचलून, म्हणजे धसकटांत अडकत नाही. पोरींच्या पंधरा-सोळा तुकड्या या तीन शब्दांवर वाढल्या. बाहेरचे संघ तिथं खेळायला आले की त्यांची फजिती होई. चेंडूवर झेप घ्यायचे आणि चेंडू भलतीकडेच. आबाजी बांधावर बसून विडी ओढत ते बघत आणि गालात हसत. मातीच्या मैदानांवर दोनदा जिल्ह्याचा करंडकही आला होता.

या सगळ्यांत किरण अव्वल होती. तिच्या घरचंच खाचर, ती चालायला लागली तीच त्याच धसकटांवर. पण तिची खरी खुबी वेगळी होती. एकदा सांगितलेलं ती कधी मोडत नसे. दुसऱ्या पोरी थकल्या की वाकड्यातिकड्या खेळत, किरण शेवटच्या मिनिटालाही बरोबर थांबे, बरोबर बघे. बाई हे इतर मुलींना उदाहरण म्हणून सांगत.

नवं मैदान सुरू झालं त्या आठवड्यात बाई एकट्याच ते बघायला गेल्या होत्या. तिथं तनया भेटली. शाळेची जुनी विद्यार्थिनी. तेराव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळं पुण्याला गेली, तिकडेच खेळली, शिकली, आता या मैदानाची प्रशिक्षक म्हणून परत आली होती. तिनं बाईंना वाकून नमस्कार केला, चहा मागवला, मैदानात नेलं. म्हणाली, बाई, घ्या ना हातात स्टिक, मी हळूच देते एक. बाईंनी स्टिक उभी धरली. चेंडू हिरव्या प्लास्टिकच्या टर्फवरून सरसरत आला, कुठंही न उडता, आणि बाई तो उडायची वाट बघत असतानाच स्टिकच्या खालून निघून गेला. दोन पोरं पायऱ्यांवर बसली होती, ती हसली. तनया हसली नाही. पण तिनं अगदी मऊपणानं, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, "बाई, खाली वाका. इथं थांबायचं नसतं."

घरी आल्यावर बाईंनी जाहीर केलं की प्लास्टिकवर खेळतात ती हॉकीच नव्हे. त्यांचे यजमान मधू गुप्ते बँकेतून निवृत्त होऊन पेपर दोनदा वाचण्याच्या कामाला लागले होते. पेपराआडून ते म्हणाले, "नव्हे तर नव्हे. पण मॅच तिथंच आहे ना? पोरींना एकदा दाखवून तर आण."

दाखवून आणायची सोयही होती. जानेवारीत तनयाचा फोन आला. मॅचच्या आधीचे चार रविवार सकाळी सात ते आठ मैदान कर्जतच्या मुलींसाठी राखून ठेवते, या. बाईंनी पहिल्या रविवारी सराव परीक्षेचं कारण सांगितलं. दुसऱ्या रविवारी टेंपो मिळत नाही म्हणाल्या. तिसऱ्या रविवारी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. चौथ्या रविवारी त्यांनी फोन उचलला नाही. मुलींना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या नाचत निघाल्या असत्या. आणि मग तनया त्यांच्यासमोर परत एकदा म्हणाली असती, बाई, खाली वाका.

टेंपो खालापूर ओलांडून मैदानाच्या फाटकात शिरला. मुली उतरल्या आणि गप्पच झाल्या. एवढं सपाट, एवढं हिरवं काही त्यांनी पायाखाली पाहिलेलं नव्हतं. तेजश्री नावाची एक बारकी मुलगी खाली बसून हातानं चाचपायला लागली. मग कडेच्या नळांतून पाण्याचे फवारे सुरू झाले आणि सगळं टर्फ भिजून निघालं. ओलं असलं की चेंडू नीट पळतो, असं शेजारच्या एका पालकानं सांगितलं. सोनाली पायऱ्यांवर पदर सावरून बसली होती. "आमच्या नळाला दिसाआड पानी," ती बाईंना म्हणाली, "नि हितं प्लास्टिकला आंगोळ." आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. बाईही हसल्या, पण त्यांचं लक्ष मोहोपाड्याच्या मुलींकडे होतं. कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्या मुली. दोन महिने त्या रोज इथं येत होत्या, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. त्यांचे बूट खालून खरखरीत होते. कर्जतच्या मुलींच्या पायांत शाळेचे कॅनव्हासचे बूट.

मॅच सुरू झाली. पहिला चेंडू किरणकडे आला. ती मधल्या फळीत, बरोबर मध्यभागी. स्टिक उभी, अंग ताठ. थांबली. चेंडू उडाला नाही. तो तिच्या स्टिकला घासून गेला आणि मागून आलेल्या मोहोपाड्याच्या मुलीनं तो जवळजवळ जमिनीला टेकत, स्टिक आडवी घालून उचलून नेला. दुसरा चेंडू. किरण थांबली. तिसरा तिनं अडवला, पण मारताना सवयीनं उचलला, तो समोरच्या मुलीच्या गुडघ्याच्या दिशेनं गेला आणि पंचांनी शिट्टी वाजवली. फाउल. किरणनं पंचांकडे असं पाहिलं की जणू कुणी तिला परक्या भाषेत काही विचारलं होतं. मग ओल्यावरून तिचा पाय सटकला आणि ती गुडघ्यावर आपटली.

"थांब, किरण. बघून मार," बाई कडेवरून ओरडल्या. तेहतीस वर्षांची सवय. तोंडातून निघाल्यावर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. मैदानात किरणनं मान डोलावली, आणि पुढच्या चेंडूला जास्तच शिस्तीत थांबली.

पहिल्या सत्रात कर्जतवर दोन गोल झाले. दुसऱ्यात आणखी एक. पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला समितीची तीन माणसं कागद घेऊन बसली होती. त्यांच्या शेजारी बसलेली तनया मध्येच काहीतरी लिहीत होती, मध्येच कर्जतच्या बाकाकडे बघत होती.

सोनालीला हॉकीतलं काही कळत नव्हतं. गोल कुणाचा झाला हेही ती शेजारणीला विचारत होती. पण पॅकिंगच्या पट्ट्यावर तिची अकरा वर्षं गेली होती. वस्तू समोरून येत असते, ती येते आहे तोवर हात पोचला पाहिजे, एवढं तिच्या अंगात भिनलेलं होतं. ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग पुढं होऊन कडेला उभ्या असलेल्या बाईंजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, ती थांबती कशाला?"

बाईंनी मैदानाकडे मान वळवली. मॅचकडे लक्ष असल्यासारखं केलं. सोनाली आपल्या जागी परत गेली.

मध्यंतर झालं. मुली धापा टाकत बाकावर आल्या. किरणच्या गुडघ्याचं साल गेलं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती सरळ बाईंसमोर आली. "बाई, बॉल उडतच नाय. मी थांबते तवर जातो. काय करू?"

काय करायचं ते बाईंना माहीत होतं. दोन वाक्यांचं काम होतं. वाक, स्टिक आडवी टाक, थांबू नको. उचलू नको. दहा मिनिटं हातात होती. एवढी गुणी मुलगी, तिला दोन मिनिटं पुरली असती. पण बाकाच्या मागं चार पावलांवर तनया पाण्याच्या बाटल्या देत उभी होती. तिनं किरणचा प्रश्न ऐकला होता आणि ती आता बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाकीच्या दहा मुलीही बघत होत्या. या मुलींना गेली चार वर्षं नेमकं उलट शिकवलेलं होतं, आणि तेच बरोबर म्हणून, बाहेरच्या संघांच्या फजितीवर हसत हसत शिकवलेलं होतं.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "शांतपणे खेळ. होईल सवय. पाणी पी."

किरण पाणी प्यायली.

तिसरं सत्र बाईंना सगळ्यात लांब वाटलं. किरण शांतपणे खेळली. सांगितल्याप्रमाणे, एकही चूक न करता, ती प्रत्येक चेंडूला थांबली आणि प्रत्येक चेंडू तिला ओलांडून गेला. बाईंना वाटलं, एकदा तरी ही पोरगी आपलं न ऐकता खेळेल. एकदा तरी चिडेल. ती चिडली नाही. चौथा गोल झाला. समितीतल्या एका माणसानं कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा पायऱ्या अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या. मोहोपाड्याच्या मुलीनं डावीकडून जोरात चेंडू दिला. तो किरणच्या बाजूला येत होता. बाई बघत होत्या. किरणचं अंग नेहमीसारखं ताठ झालं, आणि मग काय झालं कोण जाणे, ती एकदम खाली गेली. गुडघा जवळजवळ टर्फला लागला, स्टिक आडवी पडली आणि चेंडू तिला येऊन चिकटला. तिलाही ते खरं वाटलं नसावं. एक क्षण ती चेंडूकडे बघत राहिली. मग तिनं तो जमिनीवरूनच, न उचलता, पुढं ढकलून दिला.

आणि लगेच कडेला बाईंकडे पाहिलं. देवापुढचा पेढा उचलताना सापडलेल्या पोरासारखी ती नजर होती.

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला.

उरलेल्या सत्रात किरणनं चार चेंडू हिसकावून घेतले. दरवेळी ती वाकायची, दरवेळी चेंडू मिळायचा, आणि दरवेळी तिची नजर चोरटी होऊन कडेकडे वळायची. चौथा चेंडू तिनं तेजश्रीला दिला आणि तेजश्रीनं गोल केला. कर्जतच्या मुलींनी उड्या मारल्या. तनया उठून उभी राहिली होती. शिट्टी वाजली. चार-एक.

बक्षिसाचं टेबल मांडलं गेलं, कुणीतरी भाषण केलं आणि मग समितीच्या माणसानं नावं वाचली. दोन मोहोपाड्याची. एक सकाळच्या मॅचमधल्या दुसऱ्या कुठल्याशा शाळेची. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. सोनालीही वाजवत होती. तीन नावं झाली, माणसं उठायला लागली, तरी ती हात जुळवलेल्या स्थितीत पुढच्या नावाची वाट बघत बसून होती. शेवटी शेजारच्या बाईनं तिला सांगितलं, की झालं, तीनच होती.

सोनाली खाली आली तेव्हा तनया बाईंशी बोलत होती. तनयानं आवाज खाली ठेवला होता. ती सांगत होती की शेवटच्या सत्रातली मुलगी वेगळीच होती, तिनं समितीला तसं म्हणूनही पाहिलं. पण पंधरा मिनिटांवर तिघांना कसं पटवणार? उरलेल्या पाऊण तासात तिच्या सवयी दिसल्या, त्या पक्क्या झाल्यात असं त्यांनी लिहिलं. पुढल्या वर्षी वयात बसणार नाही. मग ती म्हणाली, "मी चार रविवार मैदान मोकळं ठेवलं होतं, बाई."

ती रागावून बोलली नव्हती. बोलून ती गेली. बाई वळल्या तर मागं सोनाली.

"कसले रविवार?"

बाईंना तेव्हाही काहीतरी सांगता आलं असतं. शाळेची परवानगी, वरिष्ठ, कागदपत्रं. सोनालीनं विश्वास ठेवला असता. पण सकाळपासून या बाईनं त्यांना खाटेबद्दल, गरम पाण्याबद्दल, लोणच्याबद्दल विचारलं होतं. बाईंनी सांगितलं. तनयाचे फोन आले होते, मुलींना इथं सरावाला आणायचं होतं, आपण आणलं नाही. परीक्षेचं कारण सांगितलं. टेंपोचं सांगितलं.

सोनालीनं साडीचा पदर खोचला, परत काढला. "रविवारी टेंपो दारातच असतो, बाई," ती म्हणाली.

त्यात कडवटपणा नव्हता. तिनं फक्त माहिती दिली. आणि ती ऐकून बाईंना कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

तेवढ्यात किरण आली. नडगीच्या पट्ट्या काढून हातात घेतल्या होत्या. निवड झाली नाही हे तिला कळलं होतं, डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती. आईकडे न बघता ती बाईंसमोर उभी राहिली, तास चालू असताना उठून उभी राहायची तशी. "बाई, शेवटच्या क्वार्टरला मी तुमचं ऐकलं नाय," ती म्हणाली. "थांबलेच नाय. म्हणून गेलं का माझं?"

सोनालीनं मान वळवून बाईंकडे पाहिलं. बोलायची पाळी कुणाची आहे हे स्पष्ट होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "शेवटच्या क्वार्टरला तू बरोबर खेळलीस. इथं तसंच खेळतात. त्याआधी माझं ऐकत होतीस, म्हणून गेलं."

किरणला ते नीट कळलं नाही. तिनं दोनदा पापण्या मिटल्या. "म्हंजे तुमाला म्हाईत होतं?"

"डिसेंबरपासून."

"मंग हाफटाइमला मी विचारलं, तवा?"

याचं उत्तर होतं, आणि ते फारच लहान होतं. तनया उभी होती तिथं, आणि तिच्यासमोर आपल्याला येत नाही असं म्हणवलं नाही. बाईंनी ते तसंच सांगितलं. आपल्याला टर्फवरचं खेळता येत नाही. तुम्हा मुलींसमोर ते उघडं पडलं असतं. म्हणून आणलं नाही, म्हणून बोलले नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मेमध्ये निवृत्त व्हायचं असताना, एका बारावीतल्या मुलीसमोर ही वाक्यं उच्चारताना त्यांना वाटलं होतं की बोलून टाकल्यावर थोडं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

किरण ऐकत राहिली. मग ती जे बोलली ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बाईंना सोसलं असतं. पण पोरगी खरंच बुचकळ्यात पडली होती. "त्यात काय एवढं, बाई?" ती म्हणाली. "तुमाला येत नाय तर आमाला पन येत नव्हतं. संगं शिकलो असतो की."

सोनालीनं तिच्या हातातल्या पट्ट्या घेतल्या आणि म्हणाली, "चल. उद्या पहिल्या पाळीला जायचंय मला." जूनचं तिनं काही काढलं नाही. काढायची गरज नव्हती. तिनं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, आणि ती बोललेलं फिरवणारी बाई नव्हती.

गुप्तेबाईंनी संतोषला सांगून पाहिलं की तुम्ही पुढं व्हा, मी एसटीनं येते. संतोषला काहीच माहीत नव्हतं. तो टेंपोचं फाळकं धरून उभा होता. "एसटी कशाला, बाई? जागा हाय की. चढा, पोरी भुकेल्यात." त्यानं हात पुढं केला. बाई चढल्या.

येताना कुणी गाणी म्हटली नाहीत. खोपोली मागं पडली. मग तेजश्रीला राहवेना. तिनं किरणला कोपरानं ढोसलं आणि हळूच विचारलं की शेवटी ते चार बॉल कसे काय धरलेस गं. किरणनं पिशवीतून स्टिक काढली, टेंपोच्या पत्र्यावर गुडघा टेकला आणि स्टिक आडवी टाकली. मनगट असं वळवायचं, दांडा जमिनीला लागला पाहिजे. बाकीच्या मुलीही पुढं वाकल्या.

बोलता बोलता किरणची नजर वर गेली. समोर बाई बघत होत्या. तिनं पटकन स्टिक उचलून उभी केली आणि जागेवर बसली.

"दाखव ना त्यांना," बाई म्हणाल्या.

"घरी दाखवीन, बाई," किरण म्हणाली आणि स्टिक पिशवीत घालून तिनं चेन ओढून घेतली.